बाग कोणाची?

विद्यार्थी मित्रांनो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या घरापासून सर्वांत जवळची सार्वजनिक बाग कोठे आहे? तिचे फाटक किती वाजता उघडते आणि किती वाजता बंद होते? आत पिण्याच्या पाण्याचा नळ आहे का? असल्यास त्याला पाणी येते का? झोपाळ्याच्या दोन्ही साखळ्या शाबूत आहेत का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्यापैकी बहुतेकांना देता येईल. शेवटच्या प्रश्नांची उत्तरे मात्र फार थोड्यांना येतील. याचे कारण उघड आहे. घरातील खाटेचा पाय मोडला, तर तो आपल्याला त्याच दिवशी दिसतो. बागेतील बाक मोडला, तर तो महिनोन्महिने दिसूनही दिसत नाही. खाट आपली आणि बाक सरकारचा, असे आपण मनाशी धरून चालतो. माझ्या मते आपल्या बागांच्या दुर्दशेचे मूळ येथेच आहे.

आज मला तुमच्यापुढे एक मत मांडायचे आहे. बाग एकट्या नगरपालिकेच्या बळावर सुधारत नाही. एकट्या मोहल्ल्यातील लोकांच्या बळावरही सुधारत नाही. दोघांनी आपापला वाटा उचलला, तरच ती सुधारते. आणि सुधारलेली बाग सर्वांसाठी उघडी राहिली, तरच त्या कामाला अर्थ असतो.

काही लोक म्हणतात, "आमच्या मोहल्ल्यात पाण्याची टंचाई आहे, गटारे तुंबलेली आहेत. बाग ही श्रीमंत वस्तीची चैन आहे. ती आम्हाला काय करायची?" हे म्हणणे वरवर खरे वाटते. पण थोडा विचार करून पाहा. ज्याच्या घराला अंगण आहे, गच्ची आहे, त्याची मुले घरीही खेळू शकतात. ज्याच्या एका खोलीत सहा माणसे राहतात, त्याच्या मुलांनी कोठे धावावे? दिवसभर शिलाई यंत्रावर वाकून बसलेल्या आईने संध्याकाळी घटकाभर मोकळा श्वास कोठे घ्यावा? घर जितके लहान, तितकी बागेची गरज मोठी असते.

आता थोडे आकडे पाहू. केंद्र सरकारच्या नगरविकास मंत्रालयाने २०१४ साली शहरनियोजनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे त्यांत सुचवले आहे. १२ चौरस मीटर म्हणजे चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशी एक खोली. मुंबईत मात्र माणसाच्या वाट्याला दोन चौरस मीटरही मोकळी जागा येत नाही. दोन चौरस मीटर म्हणजे एक खाट टाकण्यापुरती जागा! म्हणून मोहल्ल्याच्या कोपऱ्यातील लहानशी बागही लहान मानू नये. ती गेली, तर तेवढी मोकळी जागा पुन्हा मिळणे कठीण असते.

बागेची जबाबदारी कोणाची, हे आपल्या राज्यघटनेतही नोंदलेले आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिका व महानगरपालिका यांना घटनेत स्थान मिळाले. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिच्यामुळे घटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. शहरातील स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची यादी त्या अनुसूचीत आहे. त्या यादीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

मग बागा ओस का पडतात? याचे एक कारण जुन्या कायद्यात सापडते. मुंबईखेरीज राज्यातील इतर महानगरपालिकांचा कारभार १९४९ च्या अधिनियमानुसार चालतो. त्यात महानगरपालिकेच्या कामांचे दोन भाग केले आहेत. काही कामे आवश्यक आहेत, काही ऐच्छिक. साफसफाई, गटारे, रस्ते, दिवाबत्ती ही कामे पहिल्या भागात येतात. बागा दुसऱ्या भागात येतात. पैसा कमी पडला, की दुसऱ्या भागातील कामे मागे ढकलली जातात. अशा वेळी जो मोहल्ला मागणी करतो, त्याची आठवण राहते. जो गप्प बसतो, त्याचा क्रमांक शेवटी लागतो. मूल रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. मोहल्ल्याने रडू नये, पण बोलावे अवश्य.

बोलायचे कसे, हेही शिकावे लागते. एकट्या माणसाची तक्रार एका कानाने आत जाते आणि दुसऱ्या कानाने बाहेर पडते. तीच तक्रार शंभर घरांच्या वतीने एखादी समिती करते, तेव्हा तिला वजन येते. समिती नोंदवायची असेल, तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार सात माणसे पुरेशी असतात. सात माणसे कोणत्या मोहल्ल्यात मिळणार नाहीत? मात्र समिती झाली म्हणजे काम झाले, असे नव्हे. समितीचा अर्जही नीट हवा.

समजा, एका समितीने असा अर्ज दिला : "आमच्या बागेची अवस्था फार वाईट आहे. तरी आपण लक्ष द्यावे, ही विनंती." हा अर्ज वाचून अधिकाऱ्याने नक्की काय करावे? कोणता कामगार पाठवावा? आता दुसरा अर्ज पाहा : "बागेतील आठ दिव्यांपैकी तीन बंद आहेत. फाटकाजवळचा नळ १५ दिवसांपासून कोरडा आहे. लहान मुलांच्या झोपाळ्याची डावी साखळी तुटली आहे. सोबत बागेचा नकाशा जोडला असून त्यात या जागा दाखवल्या आहेत." या अर्जावर वीज विभागाला, पाणी विभागाला आणि दुरुस्ती करणाऱ्याला लगेच कामाला लावता येते. पहिल्या अर्जात नाराजी आहे. दुसऱ्या अर्जात माहिती आहे. कार्यालयात माहितीला उत्तर द्यावे लागते.

अर्ज दिल्यावर त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक त्या प्रतीवर असावा. पंधरा दिवसांनी तोच क्रमांक घेऊन पुन्हा जावे. तरीही उत्तर मिळाले नाही, तर २००५ सालचा माहितीचा अधिकार कायदा आहे. दहा रुपये शुल्क भरून विचारता येते की, या बागेसाठी वर्षात किती रक्कम मंजूर झाली आणि ती कशावर खर्च झाली. या प्रश्नाचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. यात भांडण नाही, आरडाओरडा नाही. केवळ चिकाटी आहे.

येथे तुमचे एक काम सुरू होते. आपल्या राज्यात नगरपालिकेचा कारभार मराठीतून चालतो. मोहल्ल्यातील अनेक वडीलधाऱ्या मंडळींना आपले म्हणणे मराठीत लिहिता येत नाही. तुम्हाला ते येते, किंवा लवकरच येईल. शिवाय बाग, मैदान, अर्ज, नकाशा, हिशोब हे शब्द तुम्हाला नवे आहेत का? मुळीच नाहीत. ते तुमच्या घरातही आहेत आणि या पुस्तकातही आहेत. मराठीचा तास केवळ परीक्षेतील गुणांसाठी असतो, असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा मोहल्ल्याचा अर्ज लिहून पाहावा.

आता कामाच्या वाटणीकडे वळू. भिंत, दिवे, नळजोडणी, स्वच्छतागृह आणि माळ्याचा पगार ही नगरपालिकेची कामे आहेत. झाडांच्या बाबतीत तर आणखी सावध राहावे लागते. शहरांतील झाडांच्या रक्षणासाठी १९७५ साली महाराष्ट्रात कायदा झाला. त्यामुळे वाटेल तेव्हा झाड तोडता येत नाही, त्यासाठी रीतसर परवानगी लागते. मग समितीने काय करावे? रोज नजर ठेवावी. बिघाड झाला, की त्याच दिवशी कळवावे. पानांचा कचरा न जाळता त्याचे खत करावे. पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी बागेची मागणी नगरसेवकापर्यंत आणि प्रभाग कार्यालयापर्यंत पोहोचवावी.

लोक आणि महापालिका यांनी असे एकत्र काम केल्याचे उदाहरण मुंबईत आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथील महापालिकेने गल्लीगल्लीतील रहिवाशांचे गट मान्य करण्याची योजना सुरू केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती 'एएलएम' या नावाने ओळखली जाते. रहिवाशांनी ओला आणि सुका कचरा वेगळा करावा, ओल्या कचऱ्याचे खत करावे, आणि परिसराच्या अडचणी गटामार्फत प्रभाग कार्यालयाला कळवाव्यात, अशी तिची पद्धत होती. ज्या गल्ल्यांनी मन लावून काम केले, तेथे फरक दिसला. जेथे केवळ नावापुरता गट होता, तेथे कचरा तसाच राहिला.

श्रमदानाबद्दलही मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. एखाद्या रविवारी पन्नास माणसे झाडू घेऊन बागेत जातात. फोटो निघतात. हे काम चांगले आहे, त्यातून उत्साह येतो. पण झाडांना पाणी रोज लागते. श्रमदान झाले म्हणून माळ्याची जागा रिकामी ठेवली, तर तो दोष नगरपालिकेचा आहे. लोकांनी मदत करावी, परंतु नगरपालिकेचे कर्तव्य फुकटात स्वतःच्या डोक्यावर घेऊ नये. आपण कर भरतो, हे विसरण्याचे कारण नाही.

लोकांनी मनावर घेतले, तर काय होऊ शकते? मुंबईतील ओव्हल मैदानाचे उदाहरण घ्या. सुमारे २२ एकरांचे हे मैदान. त्याच्या एका बाजूला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या जुन्या इमारती आहेत. १९९० च्या दशकात या मैदानाची फार दुर्दशा झाली होती. तेव्हा आसपासच्या रहिवाशांची संघटना पुढे आली. त्यांनी सरकारकडे पाठपुरावा केला, उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि अखेर मैदानाची देखभाल रहिवाशांच्या संघटनेकडे आली. मैदान पुन्हा हिरवे झाले. २०१८ साली युनेस्कोने मुंबईतील ज्या इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्याच्या मधोमध हे मैदान आहे. आजही तेथे क्रिकेट खेळणाऱ्या मुलांची गर्दी असते.

तुम्ही म्हणाल, तो तर सधन लोकांचा भाग आहे; आमच्याकडे वकील कोठून येणार? शंका रास्त आहे. पण न्यायालयाने एकदा घालून दिलेले तत्त्व श्रीमंत वस्तीपुरते राहत नाही. बंगळूरमध्ये असेच घडले. तेथील एका वस्तीत बागेसाठी राखून ठेवलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली. रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. रुग्णालय वाईट असते, असे न्यायालयाने म्हटले नाही. परंतु बागेसाठी राखलेली जागा अशा रीतीने दुसऱ्याला देता येत नाही, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार तेथील रहिवाशांना आहे, हे या निकालाने स्पष्ट केले. हा निकाल आज तुमच्या मोहल्ल्याच्याही कामाचा आहे.

येथपर्यंत मी समितीची बाजू घेतली. आता समितीलाही काही प्रश्न विचारले पाहिजेत. बाग सुधारली, नवे फाटक बसले, हिरवळ आली. मग काही समित्यांना वाटू लागते की, बाग आपलीच झाली. फाटकाला कुलूप लागते. "खेळू नये", "बसू नये", "बाहेरच्यांना मनाई" अशा पाट्या लागतात. कचरा वेचणाऱ्या मुलाला हाकलले जाते. दुपारी बाकावर घटकाभर आडवा झालेल्या हमालाला उठवले जाते. अशी बाग कितीही हिरवी असली, तरी ती सार्वजनिक राहिलेली नाही.

ही भीती काल्पनिक नाही. मुंबई महापालिकेने जानेवारी २०१६ मध्ये मैदाने आणि उद्याने खासगी संस्थांना सांभाळण्यासाठी देण्याचे धोरण मंजूर केले. पूर्वी अशा रीतीने दिलेल्या काही जागांवर सभासदांसाठी क्लब उभे राहिले होते. त्यामुळे नागरिकांनी या धोरणाला जोरदार विरोध केला, आणि मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. सांभाळणे आणि मालक होणे यांत मोठे अंतर आहे.

हे अंतर सांगणारा एक शब्द मराठीतही आहे आणि उर्दूतही आहे. तो शब्द म्हणजे अमानत. कोणी विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली वस्तू म्हणजे अमानत. ती जपायची असते, स्वतःची करायची नसते. मोहल्ला समितीच्या हाती बाग असते, ती अमानत म्हणून. अमानतीचा हिशोब द्यावा लागतो. म्हणून समितीने जमाखर्चाचा कागद बागेच्या फलकावर लावावा. उघडण्याच्या आणि बंद करण्याच्या वेळा कष्टकरी माणसांच्या सोयीच्या ठेवाव्यात. मुलांचा चेंडू वृद्धांना लागतो, ही अडचण खरी आहे. पण तिचा उपाय म्हणजे मुलांना बाहेर काढणे नव्हे. खेळण्याची जागा आणि बसण्याची जागा वेगळी आखणे, हा तिचा उपाय आहे.

आणखी एक प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मी माझ्या वर्गात एकदा विचारले, "गेल्या महिन्यात बागेत कोण कोण गेले होते?" मुलांचे हात पटापट वर झाले. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांना बाग आवडत नाही, असे नव्हे. पाचवीपर्यंत त्यांतील बऱ्याच जणी तेथे खेळायला जात होत्या. पुढे घरचे नको म्हणू लागले. घरच्यांनाही एकट्याने दोष देता येणार नाही. संध्याकाळी दिवे नाहीत, स्वच्छतागृह नाही, सगळे बाक पुरुषांनी भरलेले. अशा ठिकाणी कोणती आई मुलीला पाठवील? तीन दिवे लागले आणि एक स्वच्छतागृह नीट सुरू झाले, तर कितीतरी मुलींना बाग परत मिळेल.

मग समितीच्या बैठकीत ही मागणी कोणी का मांडत नाही? कारण बहुतेक समित्यांत स्त्रिया नसतात. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. नगरपालिकेच्या सभागृहात निम्म्या स्त्रिया बसू शकतात, तर बागेच्या समितीत का नाही? माझे मत असे की, ज्या समितीत निम्म्या स्त्रिया नाहीत, तिला मोहल्ल्याची समिती म्हणू नये. ती अर्ध्याच मोहल्ल्याची समिती आहे.

बागेच्या कामातून आणखी एक लाभ होतो. भिवंडीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग केला. निरनिराळ्या धर्मांचे शेजारी एका जागी नियमित भेटू लागले. १९९२-९३ च्या कठीण काळात भिवंडी शांत राहिली, तेव्हा या समित्यांचे नाव देशभर झाले. माणसे आधीपासून एकमेकांना ओळखत असली, तर अफवेला पाय फुटत नाहीत. पण अशी ओळख केवळ संकटाच्या वेळी होत नाही. नळ, दिवा, झोपाळा अशा रोजच्या कामांसाठी एकत्र बसूनच ती होते. त्यासाठी बागेसारखे निमित्त क्वचितच मिळेल.

मित्रांनो, तुमचे वय मतदानाचे नाही, परंतु पाहण्याचे आणि लिहिण्याचे आहे. चार-पाच जणांचा गट करा. त्यात मुले असू द्या, मुलीही असू द्या. एक वही आणि एक पट्टी घेऊन जवळच्या बागेत जा. बागेचा नकाशा काढा. बाक किती, दिवे किती, त्यांतील चालू किती, झाडे कोणती, नळ कोठे, हे लिहून काढा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी कोण कोण येते, तेही लिहा. कोण येत नाही, हे तर आठवणीने लिहा. मग मोहल्ल्यातील मोठ्या माणसांना ती वही दाखवा आणि त्यांच्या सहीचा अर्ज तुमच्या अक्षरात लिहून द्या.

कदाचित पहिल्या अर्जाने काहीच होणार नाही. दुसऱ्या अर्जाने एक दिवा लागेल. त्या दिव्याखाली कोण बसू शकते, याकडे लक्ष ठेवा. आणि पोच मिळालेली प्रत जपून ठेवा. तिसऱ्या अर्जाच्या वेळी ती लागेल.